बारदानासकट

सुखदेवभाऊंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. सुखदेवभाऊ म्हणजे राज्याच्या पूर्व टोकाला, धानाच्या पट्ट्यातल्या गोरेगावकडच्या एका राइस मिलमधले मापारी, आलेलं धान काट्यावर मोजून घेणारे. मी या जिल्ह्यात अकरा हंगाम पगारी कबड्डी खेळलो, ते या एका माणसामुळं. या अंकाच्या संपादकांनी मला ‘पगारी खेळाडूचा हंगाम’ असा विषय दिला. त्यांना बहुतेक ढाली, हारतुरे, बक्षिसं हवी असतील. ती माझ्याकडं आहेत, पत्र्याच्या पेटीत. त्यावर कुणीही लिहील. मला एका बारदानाबद्दल लिहायचंय.

मी आठवी नापास. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाला शोधून काढायचे कष्ट नकोत. माझं गाव रायगडात, खाडीच्या काठाला. तिथं पोराला चालता आलं की कबड्डी येते, त्यामुळं तिथं माझ्यासारखे पैशाला पासरी. इकडच्या मिलवाल्या शेठजींनी एका स्पर्धेत मला बघितलं आणि निरोप धाडला. निघताना वडील म्हणाले, “आठ दिवसांत परत येशील. पिशवी सोडूच नको.” मी खरंच सोडली नाही. मिलच्या मागच्या खोलीत खाटेखाली ती भरलेलीच असायची. रात्री झोपण्याआधी एकदा हात लावून बघायचो. मला हाकललं तर पाच मिनिटांत निघता यावं, एवढी तयारी.

बाहेरच्या वाचकांसाठी धंदा समजावून सांगतो. दिवाळी झाली की इकडं गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात, दंडारीचं लोकनाट्य होतं, पानाची दुकानं लागतात आणि कबड्डी होते. होळीपर्यंत हा हंगाम. गावची पोरं गावच्या इज्जतीसाठी खेळतात. पण ज्यांना जर्सीवर नाव झळकवायचं असतं ते मिलवाले, ठेकेदार संघ पोसतात आणि त्यात दोन-तीन बाहेरचे घेतात. तो मी. सकाळी सराव, दुपारी मिलमध्ये पडेल ते काम, मंडई असेल त्या दिवशी छोट्या टेम्पोत बसून स्वारी. लोक विचारायचे, “खेळायचे पैसे घेतो, लाज नाही वाटत?” मी म्हणायचो, “तुम्ही धान फुकट विकता का?” तोंड उघडलं की असंच निघायचं. अजूनही निघतं.

माझी जागा डावा कोपरा. चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ करत आत येतो, टाळ्या त्याला. कोपऱ्यावाला अर्धा वाकून, हात पुढं धरून वाट बघतो. त्याची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नसते, घोट्यावर असते. घोटा हातात आला की जगबुडी झाली तरी सोडायचा नाही, एवढंच काम. मला इथल्या कितीतरी माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पाय आठवतात.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. आमचा कॅप्टन गजू, जवळच्याच गावचा, तोंडानं फटकळ. मिलच्या पटांगणात सराव चालू होता, एक पोरगा चढाईला आला. गजू ओरडला, “येऊन राह्यला बे! येऊन राह्यला!” आमच्याकडं ‘येऊन राहिला’ म्हणजे आला आणि मुक्काम केला. मला वाटलं गडी थांबला. मी कंबर सरळ केली, आणि त्यानं माझ्या छातीवर थाप मारून रेषाही गाठली.

“काऊन रे, झोपला होता का?” गजू तापला. “मी बोंबलून राह्यलो ना!”

“तू म्हणालास तो राहिला. राहिला म्हणजे थांबला ना?”

सगळे पोट धरून हसायला लागले. “शेठजीनं कोकनातून पारसल मागवलं, पन भाषा नाही टाकली त्याच्यात!” मी मान खाली घालून उभा. तेव्हा काट्याजवळ बसलेला एक पांढऱ्या मिशांचा माणूस उठून आला. “हासू नका बे. त्याच्या गावात तुमी जा, तुमाले पानी मांगता नाही येनार.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आयक बाप्पा. इकडं राह्यला म्हंजे थांबला नाही. राह्यला म्हंजे काम चालू आहे.”

ते सुखदेवभाऊ. आमच्याकडं टरफलासकटच्या दाण्याला भात म्हणतात, इथं धान. हेही त्यांनीच शिकवलं, नाहीतर मी ‘मिलमध्ये भात किती आला’ विचारून आणखी एकदा हसं करून घेतलं असतं.

आता वजनाचं. इकडं पुष्कळ स्पर्धा वजनी गटाच्या. आमचा संघ साठ किलोचा. साठ म्हणजे साठ. वर पन्नास ग्रॅम गेलं तरी बाहेर. माझं अंग साठाच्या उंबरठ्यावरचं. त्या धास्तीनं मी रोज सकाळी मिलच्या काट्यावर चढायचो. सुखदेवभाऊ माझ्या दंडाला चिमटा घेऊन विचारायचे, “आज ओल किती या धानात?” ओलं धान वजनाला जास्त भरतं, म्हणून मिलवाले ओल आधी बघतात. आकडा जास्त आला की म्हणायचे, “ओल जास्त हाय. जाय, वाळून ये.” मग मी पटांगणाला फेऱ्या मारत सुटायचो.

त्या काट्यावर भाऊंचा जीव. काट्याचा आकडेवाला डबा ते नेहमी शेतकऱ्याकडं तोंड करून ठेवत, स्वतः मान वाकडी करून वाचत. मिलच्या काट्यावर कुठल्याच शेतकऱ्याचा विश्वास नसतो, पण ‘सुखदेवच्या काट्यावर’ म्हटलं की माणसं पोती उतरवायची. भरलं पोतं काट्यावर जाई, आकडा येई, आणि मग भाऊ वहीत त्यातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन वजा करत. हे मी रोज बघायचो. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण यातूनच झालं.

माझ्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. गोरेगावपासून काही कोसांवरच्या एका गावची मंडई. आयोजकांकडं काटा नव्हता म्हणून मिलचा काटा नेला आणि काट्यासोबत सुखदेवभाऊ गेले. पंचप्रमुख वट्टी गुरुजी, निवृत्त पीटी मास्तर, शिट्टी गळ्यात घालूनच जन्मल्यासारखे. सकाळी वजनं सुरू झाली. थंडी अशी की काट्याच्या लोखंडी पत्र्यावर पहिला गडी अनवाणी चढला आणि “अई गं” करत उडी मारून खाली आला. भाऊंनी एक बारदान चौघडी करून पत्र्यावर अंथरलं, बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि म्हणाले, “चढा आता, गादी टाकली तुमाले.”

मी रांगेत. मागे आमचेच दोघं-तिघं, त्यांच्यामागं राज्याच्या हद्दीवरच्या बाघ नदीपलीकडचा, हिंदी बोलणारा संघ. आदल्या दिवशी मी धड जेवलो नव्हतो, तरी आकड्याची खात्री नव्हती. आणि मला ते बारदान दिसलं. माझं डोकं चालायला लागलं. मिलमध्ये भाऊ बारदान वहीत वजा करतात. इथं वहीत नाव आणि आकडा लिहितायत, वजा काहीच करत नाहीत. म्हणजे त्या पोत्याचं वजन आमच्या अंगावर चढतंय! बटण दाबून शून्य करतात म्हणजे काय करतात, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली. आठवी नापास माणूस उपाशी राहील पण ‘कळलं नाही’ म्हणणार नाही.

माझी पाळी आली. भाऊ मान खाली घालून आधीच्या गड्याचा आकडा लिहीत होते. मी पायाच्या अंगठ्यानं बारदान बाजूला ओढलं आणि नुसत्या पत्र्यावर उभा राहिलो. भाऊंनी वर पाहिलं. एकोणसाठ सातशे. “वा, वाळला,” ते म्हणाले. मी खूश. एक उतरायच्या आत दुसरा चढत होता, काटा रिकामा असा झालाच नाही. ऊनही आलं होतं, त्यामुळं गादी कुठं गेली म्हणून कुणी विचारलं नाही.

ज्याला काट्याची अक्कल आहे त्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल. बारदानासकट शून्य केलेला काटा बारदान काढल्यावर तेवढं कमी दाखवतो. म्हणजे सुमारे सहाशे ग्रॅम. मी साठाच्या वर होतो आणि आत बसलो होतो. माझ्यामागचे सगळेच तेवढ्यानं हलके झाले होते.

पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. पुढचा नदीपलीकडच्यांशी. त्यांचा मॅनेजर गॉगलवाला माझ्याभोवती एक चक्कर मारून गुरुजींना म्हणाला, “ये साठ का है? मजाक कर रहे हो क्या?” गावातच धान खरेदी केंद्र होतं, सकाळी बंद असलेलं ते आता उघडलं होतं. तिथल्या काट्यावर मला उभं केलं. साठ तीनशे.

“बोगस! बोगस!” गॉगलवाला ओरडला. “मिल का काँटा, मिल का खिलाडी, मिल का मापारी! सब सेटिंग है!”

आणि मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. गर्दीत अर्धेअधिक शेतकरी. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं. “आमचं धानबी असंच मोजतेत!” “सुखदेव, तूबी का बाप्पा?” “शेठले बोलवा इथं!” शेठजी खुर्चीवर बसलेले, त्यांचा चेहरा राखेसारखा. गजू माझ्या कानाशी आला. “काय केलं बे तू? दगड तं नव्हता ना खिशात?”

“खिशात दगड ठेवला तर वजन वाढेल, गाढवा.”

“मंग?”

मंग काय. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं ते बारदान आलं. सगळं कळलं. शाळेत कधी कळलं नाही इतकं स्वच्छ कळलं. संघ बाद होणार, माझ्यावर शिक्का बसणार, या जिल्ह्यातच काय पण गावाकडंही कुणी मला मैदानात उभं करणार नाही. भरलेली पिशवी दिसली, वडील दिसले. तरी मी पुढं झालो. खरं सांगतो, पुढं झालो. “गुरुजी, ते बारदान...” एवढं बोललो आणि माझ्या पायावर एक जडशीळ टाच पडली. सुखदेवभाऊंची.

“तू चूप रह्य,” ते हळूच म्हणाले. “तुह्यावर इथं कोनी भरोसा नाही करनार. बाहेरचा हायेस.”

मग ते सगळ्यांपुढं उभे राहिले. आवाज चढवला नाही. काट्यावर आकडा सांगतात त्याच आवाजात बोलले.

“गुरुजी, चूक माझी हाय. थंडी होती म्हून बारदान टाकलं. ते मंधातच निघालं आन् झिरो पाडाचा माझा राहून गेला. लबाडी नोहोय. लबाडी कराची असती तं मिलवाल्याहीलेच पास केलं असतं. त्याह्यचा रेडर याच्यामागून चढला. त्यालेबी चढवा केंद्राच्या काट्यावर.”

गॉगलवाला हसला. “चढाओ, चढाओ! हमारा क्या है!”

त्यांचा रेडर दुर्गेश, नदीपलीकडचा सगळ्यात नावाजलेला चढाईवाला, काट्यावर उभा राहिला. साठ चारशे. माझ्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त. गॉगल उतरला.

वट्टी गुरुजींनी शिट्टी फुंकली. बोलण्याआधी शिट्टी फुंकायची त्यांना सवयच. “बारदान निघाल्यानंतरचे सगळे पुन्हा मोजायचे. जे वर असतील त्यांना दोन वाजेपर्यंत वेळ. दोन वाजता जो साठाच्या वर, तो घरी. आणि सुखदेव, आता काटा केंद्राचा. तुझा मिलमध्ये परत पाठव.”

भाऊंनी काट्याची वायर गुंडाळली. डबा उचलून छातीशी धरला. म्हातारी माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती, पण कुणी राम राम केला नाही. ते मला अजून दिसतं.

मी आणि दुर्गेश, दोघंच साठाच्या वर निघालो. अंगाला बारदान गुंडाळून, वर सुतळी बांधून, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधांवरून, पळायला लागलो. शत्रू खरे, पण धुरा एकच. उन्हात बारदानाचं कुसळ अंगाला टोचतं, खाज सुटते, घाम फुटतो. दुर्गेश धापा टाकत म्हणाला, “यार, तुम्हारे मापारी ने मरवा दिया.”

मी सुतळी आवळून घेतली.

“पर आदमी ईमानदार है. अपने मुँह से बोला. कौन बोलता है?”

त्या धुऱ्यावर मी जेवढा गप्प होतो तेवढा आयुष्यात कधी नव्हतो. तीन वेळा जिभेवर आलं, तीनही वेळा गिळलं. त्याची लाज मला आजही आहे, आणि या लेखात मी ती लपवणार नाही.

दोन वाजता मी एकोणसाठ नऊशे, दुर्गेश बरोबर साठ. दोघंही आत. तोंडाला कोरड, मांड्यांत गोळे, आणि गर्दी मला नवं नाव ठेवून ओरडत होती, “ए बारदान! बारदान आला रे!” शेवटच्या चढाईपर्यंत आम्ही एका गुणानं पुढं. चढाईला दुर्गेश. तो उजवीकडं सरकला, सगळ्यांच्या नजरा तिकडं. तो माझ्याकडं पाठ करून थांबल्यासारखा दिसला. आणि गजू ओरडला, “येऊन राह्यला!”

या वेळी मी सरळ झालो नाही. आणखी खाली वाकलो. त्याचा पाय मागून आला तो थेट माझ्या हातात. घोटा. ओढला त्यानं, फरफटवलं मला मातीतून, साखळी येऊन आदळली, रेषा वीतभर लांब राहिली. मी धरून होतो. शिट्टी झाल्यावरही धरून होतो. गजूनं बोटं एकेक करून उघडली. “सोड बे, जिंकलो.”

मी गर्दीकडं बघून ओरडलो, “आता म्हणा बोगस!” कुणी म्हटलं नाही.

फायनलला आम्ही सपाटून हरलो, पायांत काही उरलंच नव्हतं. त्याचं दुःख नाही. दुःख दुसऱ्या दिवसाचं आहे. शेठजींनी भाऊंना काट्यावरून उठवलं. “तुम पर भरोसा है, सुखदेव, मगर लोग बोलेंगे,” असं म्हणाले आणि त्यांना पोती शिवायला बसवलं. दाभण आणि सुतळी. काट्यावर नवा माणूस आला, त्यानं डब्याचं तोंड स्वतःकडं फिरवून घेतलं.

मी भाऊंजवळ जाऊन बसलो. “बारदान मी काढलं होतं, भाऊ. शेठजींना सांगतो.”

“मालूम हाय मले. पायाच्या अंगठ्यानं ओढलंस. तुह्या अंगठ्याले ताग चिकटला होता.”

“मग कायले केलं असं?” माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

त्यांनी टाका घातला, सुतळी ओढली. “मानूस काट्यावर चढते तवा मापाऱ्याची नजर काट्यावर पायजे. माझी वहीत होती. म्हंजे चूक कोनाची?” मग म्हणाले, “आन् तू गेला असतास परतून. तुही पिशवी भरलेलीच असते ना खाटेखाली. आता खाली कर ते.”

त्या संध्याकाळी मी पिशवी रिकामी केली. खुंटीवर कपडे टांगले. शेठजींना मात्र सांगितलं नाही. भाऊंनी शपथ घातली होती, हे खरं. मला ती शपथ सोयीची होती, हेही खरं. पुढं नऊ हंगाम मी खेळलो आणि भाऊ तेवढे हंगाम पोती शिवत राहिले. जाता-येता मी काट्याजवळून जायचो, पण त्यावर परत कधी चढलो नाही. वजन बघायचं झालं तर खरेदी केंद्रावर जायचो.

आता गुडघा गेलाय. गोरेगावला पोरींच्या संघाला शिकवतो. त्यांच्यातल्या एकजणीनं परवा विचारलं, “सर, काटा शून्य करतात म्हंजे काय करतात?” मी तिला तासभर समजावलं. बाकीच्या हसत होत्या. मी त्यांना हसू दिलं नाही.

हे सगळं पहिल्यांदाच लिहितोय. वाचून कुणी म्हणेल, बघा, बाहेरचाच लबाड निघाला. म्हणा. कुणी म्हणेल, आठवी नापास, दुसरं काय होणार. तेही म्हणा. त्या दिवशी मी लबाड नव्हतो, अडाणी होतो. नंतर नऊ हंगाम गप्प राहिलो तो मात्र माझा गुन्हा. फक्त सुखदेवच्या काट्याबद्दल ज्यांनी शंका घेतली, त्यांनी ती परत घ्यावी. काटा चांगला होता, मापारीही चांगला होता. बारदान मी ओढलं.

हा अंक हातात आला की पहिली प्रत घेऊन मी मिलच्या फाटकात उभा राहणार आहे. शेठजींना, हमालांना, धान घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना हा लेख मोठ्यानं वाचून दाखवणार. आणि आज ना उद्या, माझ्या पोरींची स्पर्धा जिथं असेल तिथं वजनाला भाऊंशिवाय दुसरा माणूस बसणार नाही. भाऊंची नजर अधू झालीय म्हणतात. होऊ दे, आकडा मोठ्या अक्षरांचा लावू. डब्याचं तोंड लोकांकडं असेल. पहिला मी चढेन, बारदानासकट, आणि त्यांनी शून्य केल्यावरच.

सुखदेवभाऊ, तुमची फेड एका दिवसाची नाही. पण मी येऊन राहिलो.